डांगरीतला डिझेलचा वास

वाचकाचं पत्र: 'मी डिझेल इंजिनांच्या दुरुस्तीचं काम करतो. फिल्टर बदलताना, पाइप सोडवताना अंगावर डिझेल उडतंच. कधी गिअर ऑईल, कधी ग्रीस. दोन डांगऱ्या आहेत, दोन्ही पॉलिस्टर-कॉटन. घरी फ्रंट लोड मशीन आहे. पावडर दुप्पट घालून धुतल्या, कंडिशनरही भरपूर ओतला, ड्रायरमध्ये वाळवल्या. बाहेर काढल्यावर वास गेल्यासारखा वाटतो, पण कामावर तासाभरात अंग तापलं की पुन्हा भपकारा येतो. आता मुलाच्या शाळेच्या गणवेशालाही तोच वास यायला लागलाय. कुणी व्हिनेगर सांगतं, कुणी ब्लीच, कुणी म्हणतं रॉकेलमध्ये बुचकळून काढ. घरचे म्हणतात, जाळून टाक ते कपडे. काय करू?'

उत्तर:

घरच्यांनी चिडून म्हटलं असेल, पण ते काम ड्रायरने एखाद्या दिवशी आपणहून केलं असतं. म्हणून बाकी काही सांगण्याआधी एवढं ऐका: वास पूर्ण जाईपर्यंत या डांगऱ्या ड्रायरमध्ये घालायच्या नाहीत. कापडात मुरलेल्या डिझेलची गरम हवेत वाफ होते आणि ती बंद ड्रममध्ये कोंडते. शिवाय कापडाचा धागा वातीचं काम करतो. भांड्यातलं डिझेल काडीने सहज पेटत नाही, पण तेच चिंधीत भिजलेलं असलं तर पटकन धरतं, ते यामुळेच. तेल, पेट्रोल, थिनर लागलेले कपडे आत घालू नका अशी सूचना ड्रायरच्या पुस्तिकेत असते. ती धुतलेल्या कपड्यांनाही लागू आहे, कारण एका धुण्यात इंधन सगळं निघत नाही. इस्त्रीलाही हाच नियम. आणि आग लागली नाही तरी उष्णतेने उरलेलं तेल पॉलिस्टरच्या धाग्यात आणखी घट्ट बसतं, डाग पिवळसर पडतो. तुमच्या डांगऱ्यांचं हे काही वेळा झालेलं आहे, त्यामुळे आता एका धुण्यात चमत्कार होणार नाही. दोन-तीन फेऱ्या धरून चाला.

हा वास म्हणजे कापडाला चिकटलेली वेगळी काही गोष्ट नाही, ते डिझेलच आहे. नाकाला वास येतोय याचा अर्थ धाग्यात डिझेल शिल्लक आहे आणि ते थोडं थोडं उडतंय. पेट्रोलचे रेणू हलके असतात, उघड्या वाऱ्यावर त्यातलं बरंचसं काही तासांत उडून जातं. डिझेलचे रेणू लांब आणि जड. ते सावकाश उडतात, म्हणून दिवसचे दिवस वास येत राहतो. थंड कापडातून कमी उडतात, तापलेल्या कापडातून जास्त. कामावर तासाभराने येणारा भपकारा हा असा, तुमच्या अंगाच्या उबेने सुटलेला. त्यात तुमचं कापड अर्धं पॉलिस्टरचं, आणि पॉलिस्टरला पाण्याचं वावडं नि तेलाची ओढ. सुती धाग्यात पाणी शिरून तेलाला बाहेर ढकलतं, पॉलिस्टरमध्ये त्याला तेवढा शिरकाव मिळत नाही.

कंडिशनर तर पहिल्यांदा बंद करा. तो धाग्यावर मऊ, मेणचट थर चढवतो, म्हणून तर कपडा हाताला गुळगुळीत लागतो. त्या थराखाली डिझेल सुखरूप राहतं आणि पुढच्या धुण्यात साबणाचं पाणी तिथवर पोचत नाही. वर सुगंधाने दोन तास फसवणूक होते ती वेगळीच. पावडर दुप्पट घालण्याचंही तसंच. जास्तीची पावडर नीट निघत नाही, तिचा चिकट अंश कापडात राहतो आणि तो तेल धरून ठेवतो. फ्रंट लोड मशीनमध्ये तर फेस फार झाला की कपडे फेसाच्या गादीवर पडतात. त्यांची आपटाआपट होत नाही, आणि त्या मशीनची सगळी धुलाई आपटण्यावरच चालते.

आता काम कसं करायचं ते.

डांगरी अंगातून काढली की तिचा बोळा करून पिशवीत कोंबू नका. उलटी करून, खिसे बाहेर ओढून, मोकळ्या हवेत दोरीवर पसरून टांगा. किमान चोवीस तास, डिझेल भरपूर सांडलं असेल तर दोन दिवस. जवळपास शेगडी, गिझरची ज्योत, विडी-सिगरेट काही नको. ऊन असलं तर बरं, पण खरं काम वारा करतो, त्यामुळे बंद गॅलरीतल्या उन्हापेक्षा वारा खेळणारी सावली चांगली. कापडातून डिझेल निथळत असेल तर आधी जुन्या फडक्याने टिपून घ्या. पिळून मोरीत सोडू नका.

पुढची पायरी बहुतेक लोक उलटी करतात. कपडा आधी पाण्यात भिजवतात आणि मग साबण लावतात. भिजलेल्या कापडात धाग्यांमधली जागा पाण्याने भरलेली असते, तेलाभोवती पाण्याचं कडं बसतं, आणि साबण त्या पाण्यात पातळ होऊन वाया जातो. म्हणून डाग कोरडा असतानाच त्यावर भांडी घासायचं लिक्विड लावा, पाणी न घालता. तळहाताएवढ्या डागाला एक चहाचा चमचा पुरतं. कापड उलटं करून मागच्या बाजूनेही लावा आणि जुन्या टूथब्रशने कडेकडून मध्याकडे हलक्या हाताने चोळा. मध्यापासून बाहेर चोळलं तर डाग पसरतो. पंधरा-वीस मिनिटं राहू द्या, पण वाळू देऊ नका. ग्रीसचा जाड थर असेल तर आधी बोथट सुरीने खरवडून काढा, मग त्यावर टाल्कम पावडर किंवा खडूची पूड दाबून अर्धा तास ठेवा आणि झटका. लिक्विड त्यानंतर.

इथे घाई करू नका, कारण वास नेमका लपतो कुठे ते पाहायची हीच वेळ असते. तो डागात कमी आणि जिथे कापडाच्या घड्या आहेत तिथे जास्त असतो. बाहीचा दुमडलेला कफ, पायाची दुमड, कॉलर, चेनच्या मागची पट्टी, दुहेरी शिवणी, कमरेचं इलॅस्टिक. आणि खिशाचा तळ. खिसा उलटा करा, कोपऱ्यातला तो काळसर मऊ गोळा नखाने काढा आणि हुंगून बघा. हात पुसलेली चिंधी खिशात ठेवायची सवय असेल तर अख्ख्या डांगरीपेक्षा जास्त डिझेल तिथे सापडेल. ती सवय मोडा, आणि फक्त वासासाठी नाही. जळक्या इंजिन तेलात त्वचेला कर्करोग करू शकणारी संयुगं असतात, आणि खिशातली तेलकट चिंधी दिवसभर मांडीला घासत असते.

लिक्विड लावून झालं की भिजवण. घमेल्यात किंवा टबात दहा लिटर गरम पाणी घ्या. सुती कपड्यांना ६० अंशांपर्यंत चालतं, पॉलिस्टर मिसळलेल्यांना ४० ते ५०. शंका आली तर कॉलरजवळचं लेबल सांगेल तेवढंच. त्यात ५० ग्रॅम धुण्याचा सोडा आणि नेहमीच्या मापाएवढं लिक्विड डिटर्जंट विरघळवा. सोडा खड्यांच्या रूपात मिळाला असेल तर १३० ग्रॅमच्या आसपास घ्या, कारण खड्यांच्या वजनात निम्म्याहून जास्त पाणीच असतं. हातमोजे घाला, हे पाणी कातडी कोरडी करतं. डांगरीला अॅल्युमिनियमची बटणं किंवा चेन असेल तर सोडा टाळा, अॅल्युमिनियम त्यात काळवंडतं आणि झिजतं. लोकरीला आणि रेशमालाही तो चालत नाही.

सोडा दोन कामं करतो. पाणी जड असेल तर ते मऊ करतो, म्हणजे डिटर्जंट पाण्यातल्या क्षारांशी झगडण्यात खर्ची पडत नाही. आणि पाणी अल्कधर्मी झालं की कापडावरून सुटलेली घाण परत चिकटायला बघत नाही. खाण्याचा सोडा ही त्याची जागा घेऊ शकत नाही, तो फारच सौम्य. पावडरीऐवजी लिक्विड डिटर्जंट सांगतोय त्याचंही कारण आहे. लिक्विडमध्ये तेल सोडवणारे घटक सहसा जास्त असतात, पावडर मातीच्या आणि चिखलाच्या डागांना चांगली. आणि डब्यावर 'एन्झाइमयुक्त' लिहिलेलं बघून जास्त पैसे मोजू नका. त्यातला लायपेज स्वयंपाकाच्या तेलातुपाचे डाग तोडतो. डिझेल आणि इंजिन ऑईल यांची रासायनिक घडण वेगळी, त्यात लायपेजला तोडण्याजोगा दुवाच नसतो.

एक तास भिजवा. मध्ये दोनदा हाताने दाबून खालीवर करा. पाणी चहासारखं झालं आणि वर रंगीत तवंग दिसला की ते ओतून द्या. रात्रभर ठेवायचा मोह आवरा: पाणी थंड झालं की सुटलेलं तेल पुन्हा कापडावर बसतं. तवंग फार असेल तर याच मापाने दुसरं पाणी करा. मग कपडा नळाखाली खळबळून फेस काढून टाका; भांड्यांच्या लिक्विडचा फेस मशीनमध्ये जाऊ द्यायचा नाही.

मशीनमध्ये डांगरी एकटी किंवा दोन्ही मिळून, ड्रम निम्म्याहून कमी भरलेला. लेबल परवानगी देईल तेवढं गरम पाणी, लांब सायकल, डिटर्जंट नेहमीच्या मापाचं, जादा रिन्स चालू. बाहेर काढून उलटी करून दोरीवर वाळवा.

आता परीक्षा. ओल्या कपड्याचा वास घेऊन काही कळत नाही, त्यातून साबणाचाच वास येतो. पूर्ण वाळल्यावर बघा. तेही स्वतःच्या नाकाने नको. दिवसभर डिझेलजवळ राहिलेलं नाक त्या वासाला सरावतं, म्हणूनच पुसट वास घरच्यांना येतो आणि तुम्हाला येत नाही. घरातल्या दुसऱ्या कुणाला विचारा. घाईचा उपाय हवा तर वाळलेली डांगरी झाकणाच्या डब्यात घालून अर्धा तास उन्हात ठेवा आणि झाकण उघडताक्षणी हुंगा. जो भपकारा कामावर तासाभराने येणार होता तो तिथेच कळेल. दुसरी परीक्षा पाण्याच्या थेंबाची. जिथे डाग होता तिथे आणि जिथे कधीच नव्हता तिथे, असे दोन थेंब बोटाने सोडा. स्वच्छ कापडात थेंब काही क्षणांत पसरून मुरतो. शेजारचा थेंब मोत्यासारखा गोल बसून राहिला तर तिथे तेल किंवा कंडिशनरचा थर आहे. तेवढ्याच भागाला पुन्हा कोरडं लिक्विड लावून सगळी फेरी करा. दोन्ही थेंब गोल बसले तर बहुधा सगळ्या कापडावर कंडिशनर आहे. एकदा नुसत्या सोड्याच्या गरम पाण्यात भिजवून धुवा आणि परत बघा. मात्र पाणी न शोषणारं फिनिश दिलेल्या कापडाला ही परीक्षा लागू नाही.

दोन फेऱ्यांनंतर अगदी पुसट वास उरला असेल तर कोळसा वापरा, पण चुलीतला नको; अॅक्टिव्हेटेड चारकोल, म्हणजे वास शोषण्यासाठी खास तयार केलेला कोळसा घ्या. वाळलेली डांगरी आणि चारकोलची कापडी पुरचुंडी झाकणाच्या डब्यात दोन-तीन दिवस ठेवा, पुरचुंडी कापडाला चिकटून नको, काळे डाग पडतात. हे शेवटच्या अंशासाठी. भरपूर डिझेल असलेल्या कपड्यासमोर चारकोल लगेच भरून जातो.

तुम्हाला मिळालेल्या सल्ल्यांपैकी रॉकेलचा सर्वांत वाईट. रॉकेल ग्रीस विरघळवतं हे खरं, म्हणूनच तो सल्ला टिकून आहे. पण मग कपड्यात रॉकेल राहतं, ते काढायला हीच सगळी उठाठेव, आणि मधल्या काळात घरात पेटाऊ कपडा. पेट्रोल आणि थिनर त्याहून धोक्याचे. व्हिनेगर तेल सोडवत नाही. फार तर शेवटच्या रिन्सला अर्धा कप घातला तर जड पाण्याचे आणि सोड्याचे अंश धुऊन निघतात, कापड कडक राहत नाही. सोडा आणि व्हिनेगर एकत्र घालू नका. फसफसतं छान, पण त्या फसफसण्यात दोघंही एकमेकांना मारून मोकळे होतात आणि हातात उरतं ते जवळजवळ खारं पाणी. ब्लीच रंग उडवतं, डाग फिका दिसतो, तेल जागच्या जागी. आणि ब्लीचमध्ये व्हिनेगर पडलं तर विषारी क्लोरीन वायू सुटतो, अमोनियाचं काही पडलं तरी विषारीच वायू. बंद न्हाणीघरात हा प्रयोग नको.

गिअर ऑईलची गोष्ट जरा वेगळी. त्याचा तो कुजकट, नाकात बसणारा वास गंधकयुक्त घटकांचा असतो. गिअरच्या दातांवर प्रचंड दाब येतो तिथे झीज होऊ नये म्हणून ते मुद्दाम घातलेले असतात. त्यांचा एवढासा अंशही नाकाला कळतो, म्हणून डाग गेला तरी वास राहतो. पद्धत वरचीच, पण तेल निघाल्यावर, म्हणजे थेंबाची परीक्षा पास झाल्यावर, एक जादा भिजवण ऑक्सिजन ब्लीचच्या पावडरीची द्या: ४० ते ५० अंशांच्या पाण्यात, डब्यावरच्या मापाने, तासभर. क्लोरीनचं ब्लीच नव्हे. गार पाण्यात ही पावडर फारसं काम करत नाही. तेल ओलं असताना मात्र वापरू नका.

तुम्ही डिझेलचं विचारलंत, पण कधी अंगावर पेट्रोल सांडलं तर क्रम बदलतो. पेट्रोलची वाफ उणे ४० अंशांच्या आसपासही पेट घेण्याइतकी सुटते आणि हवेपेक्षा जड असल्याने खाली साचते. कपडा डोक्यावरून खस्सकन ओढून काढला तर स्थिर विजेची ठिणगी पुरते. आधी अंगावर पाणी ओतून कपडा भिजवा, मग सावकाश उतरवा, कातडी साबणाने धुवा. तो कपडा घरात नाही, मशीनमध्ये तर नाहीच; वास जवळजवळ जाईपर्यंत बाहेर मोकळ्यावर टांगलेला. इथे कोरड्या डागावर लिक्विड हा नियम पुढे ढकलायचा, कपडा वाळल्यावर लागू करायचा.

डांगरीला चमकणाऱ्या पट्ट्या असतील तर त्यांवर ब्रश चालवू नका, आणि किती धुण्यांपर्यंत त्या टिकतात हे लेबलवर असतं ते पाहा. आगरोधक डांगरी असेल तर कंडिशनर, स्टार्च आणि ब्लीच पूर्ण वर्ज्य, भिजवणही लेबलात बसेल तेवढीच. आणि तिच्यातलं तेल निघत नसेल तर ती कितीही नवी दिसो, बदलून घ्या. तेल मुरलेली आगरोधक डांगरी आग रोखत नाही. साध्या डांगरीला तीन पूर्ण फेऱ्या द्या. त्यानंतरही वास फक्त कमरेतून येत असेल तर दोष इलॅस्टिकचा, रबर डिझेल पिऊन फुगतं आणि धुण्यात ते सोडत नाही. शिंप्याकडून तेवढं बदला, डांगरी टाकू नका. ड्राय क्लीनिंगला द्यायची झाली तर डिझेल लागलंय हे आधी सांगा.

राहिलं मशीन आणि मुलाचा गणवेश. फ्रंट लोडच्या दारापाशी जी रबराची घडी असते ती बोटाने उघडा, आतला काळा चिकट थर भांड्यांच्या लिक्विडच्या ओल्या फडक्याने पुसा, पुन्हा स्वच्छ फडक्याने पुसा. कंडिशनरचा कप्पा काढून धुवा. मग ड्रममध्ये १०० ग्रॅम धुण्याचा सोडा घालून सर्वांत गरम सायकल रिकामी चालवा, आणि खालचा फिल्टर उघडून साफ करा. तिथे खिशातले ते गोळे निघतील. रबराला तरीही वास आला तर दार एक दिवस उघडं ठेवा आणि सायकल परत द्या. गणवेशाला लागलंय ते पाण्यातून आलेलं अगदी थोडं डिझेल आहे. स्वच्छ केलेल्या मशीनमध्ये नेहमीचं डिटर्जंट आणि दोन मोठे चमचे सोडा, कंडिशनर नाही, वाळवण दोरीवर. बहुतेक एका धुण्यात निघेल. डांगऱ्यांचा वास पूर्ण जाईपर्यंत त्या धुतल्यानंतर दरवेळी एक छोटी रिकामी सायकल फिरवा, मग घरचे कपडे घाला.